आवाज राखणारे आबा

आम्ही गावाला गेलो होतो त्या मे महिन्यात आमच्या मुलुंडच्या बंद घरात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी आणि माझी पत्नी नलिनी त्या वेळी गुहागरला होतो, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. परत आलो तेव्हा जिन्यातच तळमजल्यावरच्या डिमेलो टीचर भेटल्या. आमच्या हातातल्या आंब्याच्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "मिस्टर पाटणकर, तुम्ही गावाला कधी गेलात? काल तर तुमचा पंख्यावरून झगडा चालू होता ना."

पंख्यावरून आमचं भांडण होतं, हे मी नाकारत नाही. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद करावा, असं माझं म्हणणं. खोलीत ती असतानाच मी पंखा बंद करतो, असं नलिनीचं म्हणणं. पण आदल्या दिवशी आम्ही एसटीत होतो. वर येऊन कुलूप काढलं आणि मी आधी मीटर बघितला. आकडा जवळजवळ होता तिथेच होता. म्हणजे पंखा लागलाच नव्हता. पंख्याशिवाय पंख्यावरून भांडण झालं होतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून आबा मोंडकर दुसरी किल्ली परत द्यायला आले. घराची राखण त्यांच्याकडे होती.

"आबा," मी विचारलं, "आमच्या घरात भांडत कोण होतं?"

"मियाच," आबा म्हणाले. "दोगांचाय आवाज मियाच काढलंय."

"मग जिंकलं कोण?" नलिनीने विचारलं.

"तुमीच, वहिनी. घराक सवय नको बदलूक."

आबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. साचे म्हणजे माग. शेकडो माग एकदम चालणाऱ्या त्या खात्यात जन्म गेल्यामुळे त्यांना थोडं कमी ऐकू येई आणि शांततेची मात्र मनापासून भीती वाटे. साचा गप्प झाला म्हणजे कुठेतरी धागा तुटला, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी मुलुंड पूर्वेला आमच्या शेजारचा ब्लॉक घेतला. त्या काळी आमच्या गच्चीवरून एकीकडे मिठागरं दिसत आणि दुसरीकडे नाहूरपर्यंत मोकळी जागा. संध्याकाळी इतकं सामसूम होई की आबा पहिले काही दिवस गच्चीवर जाऊन कुठली गिरणी बंद पडली ते शोधत होते, असं त्यांची बायकोच सांगायची.

सोसायटीतले निम्मे लोक कोकणातले. मे महिन्यात आणि गणपतीत इमारत ओस पडायची. तेव्हा सगळ्यांच्या किल्ल्या आबांकडे. इतर ठिकाणी राखण करणारा माणूस काय करतो? कुलूप ओढून बघतो, झाडांना पाणी घालतो. आबा ते करतच. पण त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ कामं होती. "घराक आवाज होयो," हे त्यांचं मुख्य सूत्र. "माणसा गेली ह्या घराक कळता कामा नये. मुक्या घराक वाळवी लागता." आमची इमारत सिमेंटची आहे, दारं सोडली तर वाळवीने खावं असं तिच्यात काही नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "म्हणानच लागाक नाय ना."

ते रोज उन्हं कलली की किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघत. दार उघडण्यापूर्वी "येव काय गो?" असं घराला विचारत. स्वतःची चटई आणि पाण्याची बाटली बरोबर असे. दुसऱ्याच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत, दुसऱ्याच्या माठातलं पाणी प्यायले नाहीत. नळ सोडून बघत, भांडी थोडी वाजवत, आणि मग त्या घरचे आवाज काढत. तिसऱ्या मजल्यावरच्या शहाशेठकडे टेलिफोन होता. तिथे ते रिसीव्हर न उचलताच "हलो, केम छो, हलो, कट थई गयो" असं ओरडत. आमच्याकडे पंखा, आणि "पम्या, पुस्तक उघड" ही माझी मुलाला रोजची ताकीद. डिमेलो टीचर शिकवण्या घेत. त्या म्हापशाला गेल्या की आबा त्यांच्या घरात "सेव्हन सेव्हन्स आर?" असं दरडावून विचारत आणि स्वतःच बारीक आवाजात "फॉर्टी टू" म्हणत.

"आबा, एकोणपन्नास," मी एकदा दारातून सुधारलं.

"माका म्हायत नाय? पण तेंच्या पोरांका खंय येता? बरोबर उत्तर दिला तर घराक संशय येतलो."

आता त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल सांगतो. आबांना मूलबाळ नव्हतं. आम्ही राहायला आलो त्यानंतर काही वर्षांनी मोंडकर काकू गेल्या. त्यानंतरही आबांच्या घरातले आवाज तसेच राहिले. आमची आणि त्यांची भिंत एकच. दिवेलागणीला खोकला, मग ताट मांडल्याचा आवाज, मग "गो, जेवलंस?" हा प्रश्न. मग थोडा वेळ काहीच नाही. मग ताट मोरीत ठेवल्याचा आवाज. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दुसऱ्यांच्या घरात जे करतात तेच स्वतःच्या घरात करतात, एवढंच आम्ही समजत होतो. एक मात्र खरं. राखणीला ते कितीही घरं घेत. पण दिवेलागणीला स्वतःच्या घरात नाहीत असं कधी झालं नाही. दहिसरला पुतण्याच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकून ते संध्याकाळच्या आत परत आले.

आणि अशा माणसाला पोर्तुगालचं बोलावणं आलं.

डिमेलो टीचरांची बहीण पोर्तुगालमध्ये दिली होती. देशाच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका खेड्यात तिच्या नवऱ्याचं वडिलोपार्जित घर. नवऱ्याचा भाऊ ब्राझीलमध्ये आजारी पडला आणि दोघांना हिवाळाभर तिकडे जावं लागणार होतं. घरात कोंबड्या होत्या, कुत्रा होता, आणि चूल पेटती ठेवली नाही तर भिंतींना ओल धरणार होती. गावातली कर्ती माणसं सगळी फ्रान्समध्ये कामाला. विश्वासाचं कोणी आहे का, असं तिने टीचरांना विचारलं. जाण्यायेण्याचं तिकीट तीच पाठवणार होती. टीचरांनी क्षणभरही विचार न करता आबांचं नाव कळवलं.

सोसायटीत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. शहाशेठ त्याच वर्षी युरोपची टूर करून आले होते. त्यांनी पंधरवड्यात आठ देश बघितले होते आणि गच्चीवर पांढरी चादर बांधून आम्हा सगळ्यांना त्याच्या स्लाइड्स दाखवल्या होत्या. ते म्हणाले, "आबा, चान्स सोडू नका. फ्री मधे युरोप."

आबा म्हणाले, "माका जमाचा नाय."

"का?"

"माझा घर कोण बघतला?"

सगळे हसले. इमारतभर किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाच्या घराला राखणदार नव्हता. दहिसरचा पुतण्या तयार होता; पण आबांनी त्याला परस्पर बाद केलं. "तो टीव्ही लावन बसतलो. टीव्ही म्हणजे आवाज न्हय, गलको."

मला हसू आलं नाही. मी हिशेबी माणूस आहे. इतकी वर्षं हा गृहस्थ आमचं घर राखतो, चहाची पूडसुद्धा वापरत नाही, आणि त्याला एकदा गरज पडली तर आपण हसायचं, हे मला बरोबर वाटेना. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "आबा, तुम्ही जा. तुमचं घर मी राखतो."

त्यांनी मला समोर उभं केलं. "आवाज काढशात?"

"काढीन."

"खोका बघूया."

मी खोकलो.

"ह्यो हापिसातलो खोकलो झालो. साहेब येतत म्हणान खोकल्यासारखो. माझो गिरणीतलो. छातीत कापूस गेलेलो. भितरसून काढा."

पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंतचा सगळा काळ माझी शिकवणी चालली. खोकला जमेना तेव्हा आबांनी मला उघड्या गच्चीवर नेलं; तिथे माझा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरून कोणीतरी आल्याचा काढा पाठवला. ताट कसं मांडायचं, तांब्या कुठल्या बाजूला, स्टूल किती ओढायचं म्हणजे फरशीवर हवा तो आवाज निघतो, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. शेवटी तो प्रश्न.

"'गो, जेवलंस?' असा इचारूचा. इचारल्यार लगेच भायर पडूचा नाय. थांबायचा."

"किती वेळ?"

"पाटणकरांनू, ह्या घड्याळाचा काम न्हय."

"बरं. आणि काकूंचा आवाज? तो काढायचा का?"

सबंध इमारतीच्या नकला करणारा माणूस. त्यांनी जागच्या जागी मान हलवली. "तिचो नको. मीय काढणंय नाय."

एवढं बोलून ते तांब्याकडे वळले आणि तो पुन्हा उजवीकडे ठेवून दाखवला. तेव्हा मला समजलं की घराला कळता कामा नये, असं ते म्हणायचे, त्यात घर हा शब्द ते कोणासाठी वापरत होते. तीन महिने काकूंना हा माणूस गेला असं वाटता कामा नये, हे काम आता माझ्यावर होतं.

दिवाळीनंतर आबा गेले. अंगात डिमेलो टीचरांच्या मेहुण्याचा जुना ओव्हरकोट, हातात एक ट्रंक आणि काखेत चटई. चटई कशाला, असं विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं तेव्हा म्हणे ते म्हणाले, "लोकांच्या घरात जातंय. तेंच्या खाटेर कसो निजू?"

मी माझं काम चोख केलं. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन शेजारी जायचं, दिवा लावायचा, खोकायचं, ताट मांडायचं, विचारायचं आणि थांबायचं. पहिल्या दिवशी मला फार अवघड वाटलं. परक्या बाईला एकेरीत "जेवलंस?" विचारायचं, ती हयात नसली तरी, हे आमच्या वळणात बसत नव्हतं. थांबल्यावर बघायचं कुठे, तेही कळेना. मी कॅलेंडरकडे बघत असे. एकदा शहाशेठनी मला बाहेर पडताना पकडलं. "पाटणकर, अंदर किसके साथ बात करते हो?" मी म्हणालो, "घराच्या देखभालीचं काम आहे," आणि ते खरंच होतं.

नलिनी म्हणायची, "तुम्ही मस्टरवर सही केल्यासारखे जाऊन येता."

"मग कसं जायचं?"

"काही नाही," ती म्हणायची आणि भाजी निवडू लागायची.

मध्यंतरी मला ताप आला. खोकला त्या दिवसांत अगदी आबांसारखा झाला होता, पण उठवत नव्हतं. मी नलिनीला म्हटलं, तेवढे दिवस तू जा. ती गेली. मला बरं वाटल्यावर मी माझं काम परत सुरू केलं.

आबा परत आले तेव्हा सोसायटीने खालच्या पॅसेजमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी बरणीभर ऑलिव्ह आणले होते. प्रत्येकाने एकेक तोंडात टाकलं आणि प्रत्येकाने नजर चुकवून ते कुंडीत टाकलं. मग शहाशेठनी प्रश्न सुरू केले.

"आबा, लिस्बन बघितला?"

"इमानतळ बघितलंय."

"स्पेन बाजूलाच. स्पेनमधे गेला?"

"नाय."

"तो तीन महिने मे देखा क्या?"

"घरासमोरची गल्ली बघितलंय," आबा म्हणाले.

"एक गल्ली? पूरा तीन महिना?"

"पुरी खंय बघून झाली? वरच्या अंगाची दोन घरा रवली."

"आणि देश कसा आहे?" डिमेलो टीचरांनी विचारलं.

"बरो आसा. थंड आसा."

यापलीकडे ते बोलेनात. लोकांचा विरस झाला. चादर बांधायची तयारी ठेवून आलेले शहाशेठ तर दुखावलेच. पॅसेज रिकामा झाला. मी आणि नलिनी आबांबरोबर वर आलो, किल्ली दिली.

आबांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहून थोडा वेळ कान दिला. मग माझ्याकडे वळले. "खाडो पडलो?"

"नाही. मधे मला ताप होता, तेवढे दिवस नलिनी आली होती."

"वहिनी?" ते तिच्याकडे बघू लागले. "तुमी काय बोल्लात? खोकलो तर तुमका जमाचो नाय."

नलिनीने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मी काही खोकले-बिकले नाही, आबा. मी आपली बसून काकूंशी गप्पा मारल्या."

"कसल्या?"

"अशाच. टीचरांकडे शिकवणीला नवीन मुलगी येते, ती हुशार आहे. शहांच्या सुनेला दिवस गेलेत. मार्केटात मटार आला. तुम्ही सुखरूप पोचल्याचं टीचरांच्या बहिणीने कळवलं, ते." तिने आवाज उतरवला. "आणि ह्यांचा ताप उतरल्यावरही मी दुपारची येत होते. रोज. ह्यांना बोलले नाही."

मला हे खरोखरच माहीत नव्हतं.

आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण ते कोड्यात पडले होते. "तिका ह्या सगळा कशाक सांगूचा?"

"त्यांना आवडायचं म्हणून," नलिनी म्हणाली. "तुमच्या गिरणीत पूर्वी काय काय झालं, गावाला काय झालं, सगळं त्या मला विचारायच्या; तुम्ही ह्यांना सांगितलेलं मी ह्यांच्याकडून ऐकलेलं असायचं ते. मला म्हणायच्या, 'आमचे हे भायर जातत, येतत, जेवलंस काय म्हणान इचारतत. पण भायरचा एक अक्षर सांगणत नाय. माका काय जेवणाचीच आवड आसा?'" हे नलिनीने काकूंच्याच बोलीत म्हटलं, मुद्दाम नव्हे, ओघात.

आबांनी ट्रंक खाली ठेवली. ते चटईची गुंडाळी हातातल्या हातात फिरवत राहिले.

"असा म्हणा होती?"

"हसत म्हणायच्या," नलिनी घाईने म्हणाली.

"माका वाटला, कामाच्या गजाली घरात कशाक," आबा म्हणाले. मग आम्हाला बसा म्हणायचं राहून गेलं आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे काहीच आवाज झाला नाही. प्रवासाचा शीण असेल, असं मी नलिनीला म्हटलं. तिला आपण बोलायला नको होतं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खोकला ऐकू आला. ताट मांडलं गेलं. "गो, जेवलंस?" मग नेहमीचा थांबा. आम्ही दोघंही, एकमेकांना न सांगता, ताट मोरीत ठेवल्याच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. आबा बोलू लागले.

"तर इमान आसता ना, ता आदी एस्टीसारखाच धावता. माका वाटला, असाच जातला रस्त्यान."

पोर्तुगाल देश मी बघितलेला नाही, आणि त्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते त्या भिंतीतून आलेलं आहे. आबा घाई करत नसत. पहिला आठवडा विमानातच गेला. पुढे ते घर आलं. खाली गोठा, वर राहायची जागा, थेट आपल्याकडच्यासारखं. मक्याचं दगडी कोठार चार पायांवर उभं, उंदरांना चढता येऊ नये म्हणून. द्राक्षांचा मांडव, पण त्या दिवसांत नुसत्या काटक्या. त्या घरातले आवाज ठाऊक नसल्यामुळे आबा सुरुवातीला फार अडचणीत होते. शेवटी त्यांनी तिथे आमचंच पंख्याचं भांडण केलं. पोर्तुगालमधल्या त्या डोंगरात बर्फ पडत असताना मी पंखा बंद केला आणि नलिनी मला बोलली. शेजारच्या घरातून काळे कपडे घातलेली एक म्हातारी धावत आली. एकट्या माणसाच्या घरात भांडण कसलं, हे बघायला. तिने भाकरी आणली होती, मक्याची.

आम्ही संध्याकाळचा रेडिओ लावणं सोडलं. पम्याला सुद्धा त्या वेळी अभ्यासाला बसवायची गरज उरली नाही, तो भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे. एकदा शहाशेठ इस्त्री मागायला आले ते खुर्चीवर बसूनच राहिले. मालवणी त्यांना अर्धीच कळत होती. "बुढिया का क्या हुआ?" असं ते दुसऱ्या दिवशी जिन्यात मला विचारत होते.

म्हातारीचं असं होतं, की तिचे चारही मुलगे फ्रान्समध्ये. ते ऑगस्टात येत, घराला रंग देत, गावजेवण घालत आणि परत जात. "थंयचे पण चाकरमानीच गो," आबा सांगत होते. "फक्त गणपतीक येणत नाय इतक्याच." बाकीचे दिवस म्हातारी रोज सांजवेळी दारात उभी राहून चौघांनाही नावाने हाका मारायची. जेवायला बोलवायची. आबांना भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. पण हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. हाका मारून झाल्या की ती दार लगेच लावत नसे, असं आबा म्हणाले.

आणि मग ते गप्प झाले. नलिनीने स्टोव्ह बारीक केला. गोष्ट आजच्यापुरती संपली असं आम्हाला वाटलं.

"नाय गो," भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, "म्हातारी भियता कशाक? मी होतंय मा शेजाराक."

पुन्हा थोडा वेळ काही नाही.

"व्हय, व्हय. ता पण सांगतंय. वायच दम धर."